कान पिळायची नोकरी

१९७२ च्या दुष्काळानंतर आमचे वडील नगर जिल्ह्यातलं गाव सोडून बोईसरला आले. तारापूरची एमआयडीसी तेव्हा नुकती उभी राहत होती. मागावर काम मिळालं आणि बोईसरला लागून असलेल्या सरावलीत एक खोली भाड्याने मिळाली. घरमालकांचं मोठं कौलारू घर पुढे, आणि मागच्या अंगणात भाडेकरूंच्या ओळीने सहा खोल्या. माझा जन्म तिथलाच, १९७४ चा. त्यामुळे मी सरावलीचा, पण गावातल्या जुन्या लोकांच्या लेखी शेवटपर्यंत 'घाट्यांचा पोर'. त्यात वाईट काही नव्हतं, फक्त ओटीवर किती आत बसायचं ते त्यावरून ठरायचं.

घरमालकांना सगळे आबा म्हणत. त्यांच्या म्हाताऱ्या आईला सगळा गाव 'बाय' म्हणायचा. माझी आई तिला 'अहो बाय' म्हणायची आणि इथल्या बायका हसायच्या, कारण बायला 'तू'च म्हणायचं असतं. मी 'तू' म्हणायचो.

१९८३ साली आबांकडे टीव्ही आला. त्यांचा थोरला मुलगा तारापूरच्या अणुशक्ती केंद्रात कामाला होता, त्याने आणला. ईसी टीव्ही. हैदराबादची ईसीआयएल ही सरकारी कंपनी तो बनवायची आणि ती कंपनी अणुऊर्जा खात्याखालचीच. म्हणजे १९६९ पासून वीज देणारी आमच्या शेजारची अणुभट्टी आणि आबांच्या घरातला टीव्ही हे एका खात्याखालचे भाऊबंद होते. हे मला फार पुढे कळलं. तेव्हा एवढंच माहीत होतं की लाकडी पेटी आहे, तिला सरकती दारं आहेत आणि ती दारं उघडली की गाव गोळा होतं.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पण वरळीच्या मनोऱ्यापासून आम्ही शंभरेक किलोमीटर लांब. लाटा थकूनभागून आमच्यापर्यंत पोचायच्या. त्यामुळे कौलांच्या वर आणखी वीस फूट लोखंडी पाइप, त्यावर अँटेना, अँटेनाला बूस्टर, आणि तोंड दक्षिणेला. वारं सुटलं किंवा कावळा बसला की पडद्यावर मुंग्या. मग एकाने पाइप फिरवायचा, एकाने खिडकीत उभं राहून ओरडायचं. 'आलं का?' 'नाही.' 'आता?' 'आलं, आलं... गेलं.' उन्हाळ्याच्या दिवसांत कधी कधी मुंबई गायब व्हायची आणि भलत्याच लिपीतली अक्षरं उमटायची. समुद्रावरून कुठल्या तरी परक्या देशाचं स्टेशन वाट चुकून यायचं. बाय तेसुद्धा हात जोडून बघायची.

तर या सगळ्या कारभारात मला नोकरी लागली. आबांची नातवंडं कॉलनीत राहत, घरात लहान पोर कुणी नव्हतं. आबा खुर्चीत बसले की उठायला कंटाळायचे. मी दाराशी उकिडवा बसलेलो असायचो. एके दिवशी ते म्हणाले, 'अरे पोरा, जरा त्याचा कान पीळ.' म्हणजे आवाजाचं बटण फिरव. मी पिळला. दुसऱ्या दिवशीही मीच पिळला. महिनाभरात असं झालं की टीव्हीला दुसऱ्या कुणी हात लावला तर आबा रागवायचे.

माझी कामं सांगतो. कार्यक्रमाच्या पाच मिनिटं आधी दारं सरकवायची, आधी स्टॅबिलायझर, मग टीव्ही सुरू करायचा, कारण चित्र यायला वेळ लागे. चित्र वर पळायला लागलं की मागच्या बाजूला हात घालून होल्डचं बटण हलकेच फिरवायचं. प्रदीप भिडे बातम्या द्यायला आले की आवाज मोठा, 'आमची माती आमची माणसं' लागलं की आणखी मोठा, कारण खिडकीबाहेरच्यांना ऐकू जायला हवं. 'छायागीत'मध्ये हिरो हिरॉइन फार जवळ आले की आबा खाकरायचे. खाकरणं म्हणजे उजेड कमी करायची खूण. मी उजेडाचं बटण पिळून पडदा काळोखा करायचो, गाणं मात्र चालू. पडद्यासमोर निळ्या-पिवळ्या रंगाची प्लॅस्टिकची काच लावलेली होती, म्हणजे टीव्ही रंगीत वाटावा. तिच्यात बातम्या देणाऱ्याचं कपाळ निळं आणि हनुवटी पिवळी दिसायची. रविवारी ती ओल्या फडक्याने पुसणं हेही माझंच काम.

पगार काय? जागा. आत खुर्च्यांवर घरचे आणि पाहुणे. जमिनीवर सतरंजीत गावातले. दारात आणि ओटीवर आम्ही भाडेकरू. आणि बाहेर खिडकीला गजांना धरून उभे ते पाड्यावरचे वारली, जे आबांच्या वाडीत कामाला होते. आबांनी कुणाकडून कधी पैसे घेतले नाहीत, काही ठिकाणी रविवारच्या सिनेमाला पोरांकडून चार-चार आणे घेत असं ऐकायचो. पण कुणी कुठे बसायचं हे न सांगता ठरलेलं होतं, आणि ते मोडून सगळ्यांच्या पुढे, टीव्हीच्या अगदी बगलेत बसणारा मी एकटा. पडदा मला तिरका दिसायचा. माणसं लांबुडकी दिसायची. तरी तिथून सगळं घर माझ्याकडे बघतंय असं मला वाटायचं.

रिमोट नावाची वस्तू मी पहिल्यांदा पाहिली ती टीव्हीची नव्हतीच. गणपतीत रात्रभर व्हिडिओ लावायची पद्धत तेव्हा आली होती. भाड्याने रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर आणायचे, वर्गणी काढून तीन सिनेमे बघायचे. त्या व्हीसीआरला लांब काळी वायर होती आणि वायरच्या टोकाला बोटाएवढी डबी. व्हिडिओवाला ती मांडीवर घेऊन बसायचा आणि चित्र थांबवून दाखवायचा. मधेच एक म्हातारा वायरीत पाय अडकून पडला आणि व्हीसीआर टेबलावरून खाली येता येता राहिला. मला वाटलं, ही काही टिकायची वस्तू नाही.

पुढे वाचलं तेव्हा कळलं की अमेरिकेतही सुरुवात अशीच झाली. शिकागोच्या झेनिथ कंपनीने १९५० साली टीव्हीला वायरवाला रिमोट लावला आणि नाव ठेवलं 'लेझी बोन्स', म्हणजे आळशी हाडं. लोक वायरीत अडखळू लागले. मग १९५५ मध्ये यूजीन पॉली नावाच्या त्यांच्या इंजिनिअरने पिस्तुलासारखी दिसणारी बॅटरी काढली. पडद्याच्या चार कोपऱ्यांवर चार डोळे, ज्या डोळ्यावर झोत मारावा ते काम व्हायचं. पण खिडकीतून ऊन आत आलं की टीव्ही आपोआप स्टेशन बदलायचा. लगेच पुढच्या वर्षी, १९५६ मध्ये, रॉबर्ट अॅडलरने तिसरी वस्तू आणली. तिच्यात बॅटरीच नव्हती. आत अॅल्युमिनियमच्या छोट्या कांड्या आणि त्यावर पडणारी हातोडी. कळ दाबली की कांडी वाजायची, माणसाच्या कानाला ऐकू न येणाऱ्या उंच सुरात, आणि टीव्ही तो सूर ओळखायचा. बॅटरी न घालण्याचं कारण मला फार आवडलं. कंपनीच्या विक्रीवाल्यांचं म्हणणं असं की सेल संपले तर गिऱ्हाईक सेल बदलणार नाही, टीव्ही बिघडला असंच समजेल. त्या रिमोटची गंमत अशी की जवळपास कुणी किल्ल्यांचा जुडगा वाजवला किंवा चिल्लर पाडली तरी कधी कधी स्टेशन बदलायचं. पुढे सगळीकडे आला तो आजचा, डोळ्याला न दिसणाऱ्या उजेडाचा.

तो आमच्याकडे आला १९८८ च्या दिवाळीत. १९८२ च्या आशियाई खेळांपासून देशात रंगीत टीव्ही सुरू झाला होता, पण सरावलीत रंग यायला वेळ लागला. ऑक्टोबरात 'महाभारत' सुरू झालं आणि आबांच्या मुलाने ठरवलं की कृष्ण निळाच दिसला पाहिजे, आणि नुसतं कपाळ नव्हे. नवा टीव्ही माझ्या वडिलांच्या वर्षभराच्या पगाराचा होता. त्याच्या खोक्यातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला रिमोट निघाला. पिशवी कुणी काढली नाही. वरून रबरबँड लावलं.

खरं म्हणजे वाहिनी एकच होती. बदलायला काही नव्हतंच. आवाज, रंग आणि चालू-बंद, एवढ्यासाठी तो रिमोट. म्हणजे नेमकी माझीच कामं.

पहिल्या रविवारी मी सवयीने टीव्हीच्या बगलेत जाऊन बसलो. आबांच्या सुनेने बटण दाबलं, काही झालं नाही. पुन्हा दाबलं. ती म्हणाली, 'अरे तू मधे येतोस, तो लाल दिवा झाकला जातो. जरा बाजूला हो.' मी बाजूला झालो. मागून गर्दी लोटत होती, बाजूला होता होता मी दारापर्यंत आलो, मग ओटीवर. पुढच्या रविवारी ओटी आधीच भरलेली होती. मी खिडकीत गेलो. कुणी मला हाकललं नाही, हे मुद्दाम सांगतो. खिडकीत माझ्या वर्गातला एक वारली मित्र होता, त्याने गज धरायला जागा दिली आणि म्हणाला, 'आलास? इथून सरळ दिसतंय.' आणि खरंच, पाच वर्षांत पहिल्यांदा मला पडदा समोरून दिसला.

मी चौदा वर्षांचा होतो. त्या वयात हे साधं घ्यायला पाहिजे होतं, पण मला ते लागलं.

रिमोट लवकरच बायच्या हातात गेला. तिचे गुडघे कामातून गेलेले, त्यात आदल्या पावसाळ्यात अर्धांगाचा झटका येऊन एक बाजू हलकी झालेली. सून दिवसभर कामात, आबा वाडीत. कुणी तरी रिमोट तिच्या मांडीवर ठेवला आणि दोन कळा दाखवल्या. आयुष्यात त्या बाईने घरातली कुठली गोष्ट स्वतः ठरवली असेल असं मला वाटत नाही. नारळ किती विकायचे ते आबा ठरवायचे, आमटीत मीठ किती ते सून. आता टीव्हीचा आवाज बाय ठरवायची. कीर्तन लागलं की मोठा, क्रिकेट लागलं की इतका बारीक की आबा चिडायचे. ती रिमोट रुमालात गुंडाळून मांडीवर ठेवायची, पानाच्या चंचीसारखा. दसऱ्याला टीव्हीला झेंडूची माळ घातली तेव्हा तिने रिमोटलाही हळद-कुंकू वाहिलं.

आता माझं कर्म सांगतो.

प्रत्येक रिमोट कळ दाबल्यावर एक आकडा पाठवतो, उजेड सेकंदाला पस्तीस-चाळीस हजार वेळा लुकलुकवून. कंपनीगणिक आकड्यांची बोली वेगळी, पण एका कंपनीच्या एका जातीच्या सगळ्या टीव्हींची बोली एकच. हे मला तेव्हा असं माहीत नव्हतं. पण कॉलनीतल्या एका वर्गमित्राकडे तसाच टीव्ही होता आणि तो सांगायचा की आमच्या रिमोटने शेजाऱ्यांचा टीव्ही बंद होतो. मी भूमितीची पूर्ण वही त्याला उतरवून दिली आणि एका शनिवारी रिमोट मागून घेतला, रविवारपुरता.

१९८९ साल. महाभारतात द्यूताचा भाग लागला होता. घरात मुंगी शिरायला जागा नाही. खिडकी टीव्हीच्या बरोबर समोर. शकुनीने फासे हातात घेतले आणि मी सदऱ्याखालून लाल कळ दाबली. पडदा काळा.

सगळं घर एकदम वळलं ते टीव्हीकडे नाही, बायकडे. 'बाय, काय दाबलंस?' ती म्हणाली, 'मी नाय दाबलं.' आबांनी उठून टीव्ही लावला. मी पुन्हा दाबलं. या खेपेला आबा ओरडले. तिने रिमोट घाबरून रुमालासकट दोन्ही हातांनी धरला, म्हणजे कुणाला बघायला मिळावं की तिचं बोट कळेवर नाही. तिसऱ्यांदा मी का दाबलं मला आजही सांगता येत नाही. पहिल्या दोन वेळांची कारणं माझ्याकडे आहेत, तिसऱ्याचं नाही. आबांनी तिच्या हातातून रिमोट हिसकून घेतला आणि शोकेसच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला. मित्राने माझा सदरा ओढला. त्याने सगळं पाहिलं होतं. तो फक्त म्हणाला, 'म्हातारी रडते.'

त्या दिवसापासून बायने रिमोटला हात लावला नाही. आठवड्याने राग उतरल्यावर सुनेने तो परत तिच्या मांडीवर ठेवला होता, तिने बाजूला सारला. म्हणाली, 'माझ्या हाताला आता कळत नाय.' झटक्याने अधू झालेला हात आपल्या नकळत कळ दाबतो, असं तिने मनाशी धरलं. दुपारी घरात कुणी नसलं की ती खोल्यांकडे तोंड करून हाक मारायची, 'अरे पोरा, ये रे, जरा आवाज बारीक कर.' मी जायचो. शोकेसवरचा रिमोट तसाच ठेवून टीव्हीवरच्या बटणाने आवाज कमी करायचो आणि टीव्हीच्या बगलेत, जुन्या जागेवर बसायचो. मला नोकरी परत मिळाली होती.

एकदा मी रिमोट तिच्या हातात दिला. 'बाय, दाबून बघ. काही होत नाही.' ती म्हणाली, 'तू आहेस ना.' तिथे मी सांगायला पाहिजे होतं. तीन वर्षं रोज दुपारी मी तिथे जात होतो. १९९२ च्या मे महिन्यात ती गेली.

पुढे मी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स केलं आणि बोईसरला एका दुकानात कामाला लागलो. याच काळात केबल आली. झी टीव्ही १९९२ च्या ऑक्टोबरात सुरू झालं, एकाच्या दहा वाहिन्या झाल्या, वीस झाल्या, आणि रिमोटला खरं काम लागलं. घरोघर भांडणं रिमोटवरून. दुकानात दिवसाला पाच-सहा रिमोट दुरुस्तीला यायचे. वरण सांडलेले, उंदराने कुरतडलेले, दोघांच्या ओढाताणीत फुटलेले. समुद्र जवळ असल्यामुळे सेलच्या स्प्रिंगांना गंज लवकर चढतो, नवापूर, चिंचणीकडचे रिमोट तर उघडल्याबरोबर ओळखू यायचे. सेल संपत आले की लोक ते दाताने चावायचे, उन्हात ठेवायचे, आणि रिमोट तळहातावर आपटायचे. आपटल्याने आतलं क्रिस्टल तुटायचं. सगळ्यात जास्त झिजायचा तो कळांखालच्या रबरावरचा काळा कार्बन, आणि त्यातही आवाज वाढवायच्या कळेचा. तिथे आम्ही सिगारेटच्या पाकिटातली चांदी गोल कापून चिकटवायचो, वर्षभर सहज चालायची.

रिमोट चालतो की नाही हे बघायला आमच्याकडे यंत्र नव्हतं. आता मोबाइलचा कॅमेरा समोर धरला की पुढचा दिवा लुकलुकताना दिसतो. तेव्हा ट्रान्झिस्टर वापरायचो. मिडीयम वेव्हवर लावायचा, रिमोट अगदी जवळ धरायचा आणि कळ दाबायची. चालू असेल तर रेडिओ गुरगुरतो.

१९९५-९६ च्या सुमारास आबा दुकानात आले. पिशवीतून रिमोट काढला. तोच. प्लॅस्टिक पिवळं पडलेलं, रबरबँड वितळून चिकटलेलं. 'बघ, होतो का. नवा घ्यायचा तर कंपनीचा मिळत नाही.' मी स्क्रू काढून दोन भाग वेगळे केले. कळांच्या कडांना, रबराखाली, लाल चिकट थर साचला होता. आबा म्हणाले, 'हे काय, गंज?' मी म्हटलं, 'कुंकू आहे. दसऱ्याचं.' ते जरा वेळ गप्प राहिले.

मी स्पिरिटने पुसत होतो. ते म्हणाले, 'तुला आठवतं का रे, महाभारताच्या वेळेला हा आपोआप बंद व्हायचा? आम्ही सगळे बायला बोललो. ती म्हणत होती, मी नाय दाबलं. तेव्हापासूनच बिघाड असणार ह्याच्यात.'

क्रिस्टल खरंच तुटलेलं होतं, एक पाय सुटला होता. ते पडल्यामुळे, गेल्या वर्षा-दोन वर्षांतलं. मी ते चिमट्यात धरून आबांना दाखवलं आणि म्हटलं, 'हे असं कच्चं असलं की होतं कधी कधी.'

'म्हणजे ती खरं बोलत होती,' आबा म्हणाले.

'हो,' मी म्हटलं.

नवीन क्रिस्टल लावलं, चांदी चिकटवली, सेल घातले आणि ट्रान्झिस्टरजवळ धरून कळ दाबली. रेडिओ गुरगुरला. आबांनी वीस रुपये पुढे केले. मी नको म्हटलं, दोनदा म्हटलं. ते म्हणाले, धंद्यात असं लाजू नये, आणि नोट ट्रान्झिस्टरखाली सरकवून रिमोट पिशवीत घालून गेले.